ओब्रायन आडनावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमधील जी आडनावे भारतीय वाचकाच्या कानावर वरचेवर पडतात, त्यांत ओब्रायन हे ठळक आहे. कोणाला ते प्रश्नमंजूषेमुळे ठाऊक असते, कोणाला राज्यसभेतील भाषणांमुळे, तर कोणाला २०११ च्या विश्वचषकातील बंगळुरूच्या एका सामन्यामुळे. बहुतेक आडनावांचा मूळपुरुष शोधताना अंदाजावर समाधान मानावे लागते. या आडनावाचा मूळपुरुष मात्र इतिहासात अगदी स्पष्ट दिसतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याविषयीचे गैरसमजही अधिक आहेत.

या आडनावाचा शब्दशः अर्थ काय?

'ब्रायनचा नातू'. जुन्या आयरिश भाषेत 'उआ' म्हणजे नातू, आणि त्याचेच पुढे 'ओ' झाले. कालांतराने नातवापुरता असलेला हा अर्थ विस्तारून 'वंशज' असा झाला. ज्या आयरिश आडनावांच्या आरंभी 'मॅक' येते, त्यांत 'मुलगा' हा अर्थ असतो. 'ओ' किंवा 'मॅक' यांच्यानंतर येणारे पूर्वजाचे नाव आयरिश भाषेत षष्ठी विभक्तीत असते, म्हणजे 'ब्रायनचा' यातील 'चा' त्या नावातच दडलेला असतो.

'ओ' नंतर येणारे ते लटकते चिन्ह कशासाठी असते?

आयरिश भाषेच्या दृष्टीने ते अनावश्यक आहे. आयरिश लेखनात 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ असते, ती स्वर दीर्घ असल्याची खूण. इंग्रजी कागदपत्रांत ती रेघ गेली आणि अक्षरापुढे अपॉस्ट्रॉफी आली. हे 'ओ' म्हणजे इंग्रजीतील 'ऑफ'चे लघुरूप, असे आजही अनेक जण सांगतात, पण ते चूक आहे. मराठीत 'ओब्रायन' असे सलग लिहिणे सर्वांत सोयीचे. देवनागरीत ते चिन्ह घातल्याने उच्चारात काडीचाही फरक पडत नाही. संगणकावरील अर्ज भरताना हेच चिन्ह अनेकदा नाकारले जाते, आणि मग एकाच माणसाचे पारपत्रावरचे आडनाव एक व विमानाच्या तिकिटावरचे दुसरे, असा प्रसंग ओढवतो.

आयरिश भाषेत स्त्रियांचे आडनाव वेगळे होते, हे खरे आहे का?

होय, आणि मराठी वाचकाला हा भाग विशेष रोचक वाटावा. पुरुषाचे आडनाव 'ओ ब्रीअन', त्याच्या मुलीचे 'नी व्रीअन' आणि पत्नीचे 'ई व्रीअन'. 'ओ'च्या जागी वेगळा शब्द आला की पुढच्या 'ब'चा 'व' होतो. मराठीत सामान्यरूप होताना शब्दाचा शेवट बदलतो, 'घोडा'चे 'घोड्या' होते. आयरिश भाषेत मात्र अशा ठिकाणी शब्दाचा आरंभ बदलतो. इंग्रजी रूपात हा भेद पुसला गेला आहे, त्यामुळे व्यवहारात स्त्री-पुरुष सगळेच ओब्रायन असतात. आयरिश रूप इंग्रजी जगातही आग्रहाने वापरणाऱ्यांपैकी ब्रे गावचा विनोदवीर दारा ओ ब्रीअन हा सर्वांना परिचित आहे.

ज्याच्यावरून हे आडनाव पडले तो ब्रायन कोण?

ब्रायन बोरू. त्याचा जन्म साधारण ९४१ मध्ये, आजच्या क्लेअर परगण्यात सत्ता असलेल्या डाल गाश नावाच्या, तोवर फारशा गणतीत नसलेल्या कुळात झाला. शॅनन नदीकाठी किलालू येथे किंकोरा हे त्याचे ठाणे होते. आधी थोरला भाऊ माहॉन सत्तेवर आला. ९७६ मध्ये त्याचा खून झाल्यावर ब्रायनने बदला घेतला, मन्स्टर प्रांताचे राज्य मिळवले, आणि कित्येक शतके बव्हंशी नील घराण्याच्या शाखांकडे असलेले आयर्लंडचे अधिराजपद १००२ मध्ये मॅलकी या अधिराजाकडून स्वतःकडे घेतले.

त्याचे मोठेपण नेमके कशात होते, ते १००५ मधील एका नोंदीतून दिसते. त्या वर्षी तो आर्मा येथे गेला, तिथल्या वेदीवर वीस औंस सोने ठेवले, आणि आयर्लंडमधील इतर सर्व चर्चांवर आर्माचे श्रेष्ठत्व मान्य केले. तेथील पवित्र ग्रंथाच्या पानावर त्याच्या समक्ष त्याच्याच लेखनिकाने लॅटिनमध्ये जी नोंद केली, तीत ब्रायनचा उल्लेख 'आयरिशांचा सम्राट' असा आहे. तो ग्रंथ आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. राजे त्या बेटावर डझनावारी होते. स्वतःला सम्राट म्हणवून घेण्याची आणि ते लेखी नोंदवून ठेवण्याची बुद्धी या एकाला झाली.

ब्रायनने क्लॉन्टार्फच्या लढाईत व्हायकिंगांना आयर्लंडमधून हाकलले का?

नाही, जरी शाळकरी इतिहासात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या तशीच सांगितली गेली. २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथे लढाई झाली. तिचे मूळ लेन्स्टरचा आयरिश राजा मेल मोर्डा याने ब्रायनविरुद्ध केलेल्या बंडात होते. डब्लिनचा नॉर्स राजा सिट्रिक आणि ऑर्कनीहून आलेला अर्ल सिगर्ड हे त्याचे साथीदार. नातेसंबंध पाहिले तर हे युद्ध परकीयांशी कमी आणि सोयऱ्यांशी अधिक होते, कारण सिट्रिक हा ब्रायनचा जावई, सिट्रिकची आई गॉर्मला ही ब्रायनची एके काळची पत्नी, आणि मेल मोर्डा हा त्याच गॉर्मलाचा भाऊ.

ब्रायनच्या बाजूचा जय झाला, पण सत्तरी ओलांडलेला ब्रायन स्वतः, त्याचा मुलगा मुर्खा आणि एक नातू असे तिघेही त्या दिवशी मारले गेले. सिट्रिक मात्र शहराच्या तटाआड सुखरूप राहिला आणि पुढे १०३६ पर्यंत डब्लिनवर राज्य करत राहिला. 'हाकलले' म्हणायला हा तपशील आड येतो. व्हायकिंगांच्या संहारकर्त्याची जी प्रतिमा आज सर्वत्र दिसते, ती मुख्यतः बाराव्या शतकाच्या आरंभी, ब्रायनचा पणतू राज्यावर असताना, घराण्याच्या गौरवासाठी रचलेल्या एका आयरिश बखरीतून आली आहे. आपल्याकडेही बखर वाचताना ती कोणाच्या पदरी लिहिली गेली हे आधी पाहतात. इथेही तोच नियम लावावा.

मग आडनाव ब्रायननेच सुरू केले का?

ब्रायनने सर्वांना आडनावे घेण्याचा हुकूम काढला, अशी एक जुनी समजूत आहे, पण तिला आधार नाही. आयर्लंडमध्ये आडनावे त्याच्याही आधीपासून रुजू लागली होती. ९१६ मध्ये मृत्यू पावलेल्या टियरनाख ओक्लेरी या गॉलवेकडील राजाची नोंद ही त्यांतील सर्वांत जुन्या नोंदींपैकी मानली जाते.

ओब्रायन आडनावाच्या बाबतीत 'नातू' हा अर्थ एका माणसाला अक्षरशः लागू पडतो. ब्रायनचा मुलगा टाइग, आणि टाइगचा मुलगा टर्लॉ, ज्याने आजोबांचे राज्य पुन्हा उभे केले आणि जो १०८६ मध्ये किंकोरा येथे वारला. तो खरोखरच ब्रायनचा नातू असल्याने 'उआ ब्रीअन' हे त्याच्यासाठी नुसते वर्णन होते. त्याच्या मुलानेही, म्हणजे पणतवानेही, तेच बिरुद चालू ठेवले, तेव्हा वर्णनाचे आडनाव झाले. या पणतवाने, मुर्टा ओब्रायनने, ११०१ मध्ये मन्स्टरच्या राजांचे पिढीजात आसन असलेला कॅशलचा खडक चर्चला दान दिला.

आज हे आडनाव लावणारे सगळे राजाचे वंशज आहेत का?

हाच प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. आडनावाचा राजा खात्रीचा आहे; त्याच्यापर्यंत तुमची वंशरेषा पोहोचते की नाही, हे आडनावावरून सांगता येत नाही. १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथसन या अधिकाऱ्याने जी क्रमवारी लावली, तीत मर्फी, केली, सलिव्हन, वॉल्श आणि स्मिथ यांच्यानंतर ओब्रायन सहाव्या स्थानी होते, आणि आयर्लंडमध्येच हे आडनाव लावणारे तेव्हा सुमारे ३३ हजार होते. एवढे सगळे एका घराण्याचे असतील, असे मानणे धाडसाचे ठरेल. सरदाराच्या आश्रयाला राहणाऱ्या कुळांनी त्याचेच नाव घेतले, लेन्स्टरकडील ओब्रोइन नावाच्या, वेगळ्याच पूर्वजाच्या काही घराण्यांची नोंद इंग्रजी लेखनिकांनी ओब्रायन अशी करून टाकली, आणि मुलीच्या बाजूने आलेल्या नात्यात आडनाव तर हमखास बदलते.

उलट, ब्रायनच्या गोतावळ्यातील कित्येकांचे आडनाव ओब्रायन नाही. क्लेअरमधील मॅकमहॉन हे मुर्टा ओब्रायनच्या माहॉन नावाच्या मुलापासून आले, आणि टिपरेरीकडील केनेडी हे ब्रायनच्या भावाच्या वंशातील मानले जातात. डाल गाश कुळाशी निगडित असा वाय गुणसूत्रावरील आर-एल२२६ हा खुणेचा बदल जनुकीय चाचण्यांत सापडला आहे. तो आढळल्यास पुरुषवंश त्या कुळसमूहातील असण्याची शक्यता बळावते, परंतु तो समूह ब्रायनपेक्षा खूप मोठा होता, म्हणून 'राजाचा वंशज' असा दाखला त्यातून मिळत नाही.

आडनाव एक, नाते काहीच नाही, याचे उत्तम उदाहरण घोड्यांच्या शर्यतींतून देता येईल. टिपरेरीतील बॅलिडॉइल येथील तबेल्यातून व्हिन्सेंट ओब्रायन या प्रशिक्षकाने जगभर नाव कमावले. त्याआधीच १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षे त्यांनी तीन वेगवेगळ्या घोड्यांकडून इंग्लंडची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकून घेतली होती. त्याच तबेल्याची सूत्रे पुढे १९९६ मध्ये एडन ओब्रायन यांच्याकडे आली आणि त्यांनीही विक्रमांची रास घातली. मुलाने बापाची गादी चालवली असे कोणालाही वाटेल, पण एक कॉर्कचे, दुसरे वेक्सफर्डचे, आणि दोघांत कसलेही नाते नाही.

काही जण नुसते 'ब्रायन' किंवा 'ब्रायन्ट' लावतात, ते हेच का?

'ब्रायन' बहुधा हेच असते. 'ब्रायन्ट' मात्र इंग्लंडमधील वेगळे आडनाव आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी सत्तेखाली आयरिशपण मिरवणे तोट्याचे झाले, तेव्हा असंख्य कुटुंबांच्या आडनावांतून 'ओ' आणि 'मॅक' गळून पडले. १८९३ मध्ये गेलिक लीगची स्थापना झाली, भाषेच्या पुनरुज्जीवनाचे वारे वाहू लागले आणि अनेकांनी गळलेला 'ओ' परत लावला. ओब्रायनांनी तो बऱ्याच अंशी टिकवला. मर्फी आणि केली यांना तो परत फारसा चिकटलाच नाही.

ओब्रायन राजघराण्याचे पुढे काय झाले?

मन्स्टरचे राज्य आक्रसत थोमंडपुरते, म्हणजे मुख्यतः क्लेअर आणि लिमरिकच्या परिसरापुरते उरले. १५४३ मध्ये मुरो ओब्रायनने आठव्या हेन्रीपुढे आपले राजेपद खाली ठेवले आणि बदल्यात अर्ल ऑफ थोमंड ही इंग्रजी पदवी घेतली. राजाचा सरदार झाला खरा, पण जमिनी राखल्या. आणि या घराण्याचे पुढील दीडशे वर्षांचे धोरण हेच राहिले.

त्या धोरणाची किंमत इतरांनी मोजली. सतराव्या शतकातील मुरो ओब्रायन, अर्ल ऑफ इंचिक्विन, हा ब्रायन बोरूच्याच वंशातला. त्याने १६४७ मध्ये इंग्रज पार्लमेंटच्या बाजूने लढताना कॅशलच्या खडकावर आश्रयाला आलेल्या माणसांची कत्तल केली, त्याच खडकावर, जो त्याच्याच घराण्यातील मुर्टाने चर्चला दान दिला होता. आयरिश लोक त्याला 'जाळपोळीचा मुरो' म्हणतात. याच काळातली मॉयरा रुआ, म्हणजे लाल केसांची मेरी, ही क्लेअरच्या दंतकथांची नायिका: पती कॉनर ओब्रायन १६५१ मध्ये इंग्रज पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या सैन्याशी लढताना पडल्यावर मुलाची इस्टेट वाचावी म्हणून तिने त्याच सैन्यातील एका अधिकाऱ्याशी लग्न केले. लेमेना येथील तिच्या वाड्याच्या भिंती आजही उभ्या आहेत.

घराण्याची कॅथलिक शाखा फ्रान्समध्ये गेली. चार्ल्स ओब्रायन, व्हायकाउंट क्लेअर, हा १७४५ च्या फाँतनॉयच्या लढाईत आयरिश पलटणींसह इंग्रजांविरुद्ध लढला आणि १७५७ मध्ये फ्रान्सचा मार्शल झाला. ड्रोमोलंड येथील मुख्य वाडा मात्र इंचिक्विन शाखेकडे १९६२ पर्यंत होता; आता ते पंचतारांकित हॉटेल आहे.

विल्यम स्मिथ ओब्रायन यांना आयर्लंडमध्ये इतका मान का?

कारण ड्रोमोलंडच्या वाड्यात जन्मलेला, हॅरो आणि केंब्रिज येथे शिकलेला, प्रॉटेस्टंट जमीनदार आणि ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य असा हा माणूस, महादुष्काळाने देश उपाशी मरत असताना, बंडखोर झाला. १८४८ च्या वसंतात ते शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला गेले होते. हिरवा, पांढरा व नारिंगी असा आजचा आयरिश ध्वज त्याच फेरीनंतर त्यांचे सहकारी टॉमस मार यांनी डब्लिनमध्ये सादर केला.

बंड मात्र फसले. २९ जुलै १८४८ रोजी टिपरेरीतील बॅलिंगॅरी गावाजवळ चाळीसहून अधिक पोलीस मॅकॉरमॅक नावाच्या विधवेच्या दुमजली दगडी घरात शिरले आणि घरात असलेल्या तिच्या पाच मुलांना ओलीस ठेवून आतून गोळीबार करू लागले. ती बाई आल्यावर ओब्रायन स्वतः खिडकीपाशी गेले आणि पोलिसांशी बोलणी करू लागले. तेवढ्यात दगडफेक आणि गोळीबार सुरू झाला, दोन बंडखोर पडले, आणि जादा कुमक आल्यावर सारे पांगले. इंग्रजी वृत्तपत्रांनी याला 'विधवेच्या कोबीच्या मळ्यातली लढाई' म्हणून हिणवले. आठवड्याभरात ओब्रायन थर्ल्स रेल्वे स्थानकावर पकडले गेले.

त्यांना राजद्रोहासाठी देहान्ताची शिक्षा झाली, आणि इथे त्यांच्या स्वभावाचा खरा कस दिसतो. सरकार शिक्षा सौम्य करून काळ्या पाण्यावर पाठवायला तयार होते. यांनी कायद्याचा मुद्दा काढला की राजद्रोहाच्या शिक्षेचे असे रूपांतर करण्याची कायद्यात तरतूदच नाही. अखेर त्यांना फाशी न देता टास्मानियाला धाडता यावे, एवढ्यासाठी पार्लमेंटला १८४९ मध्ये नवा कायदा करावा लागला. १८५४ मध्ये सशर्त आणि १८५६ मध्ये पूर्ण माफी मिळाली. १८६४ मध्ये ते वारले. त्यांचा पुतळा डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवर आहे, आणि बॅलिंगॅरीचे ते घर आता स्मारक आहे.

साहित्यात हे आडनाव कोणी गाजवले?

लिमरिकच्या केट ओब्रायन (१८९७–१९७४) आणि क्लेअरमधील टूमग्रेनीच्या एडना ओब्रायन (१९३०–२०२४) या दोघींच्याही कादंबऱ्यांवर आयर्लंडमध्ये बंदी आली होती. एडना यांची पहिली कादंबरी १९६० मध्ये आली आणि स्त्रीच्या मनातले उघडपणे मांडल्याबद्दल मायदेशात त्यांना दूषणेच मिळाली. त्याच देशाने २०२४ मध्ये त्यांना सन्मानाने निरोप दिला. त्यांचे दफन लॉख डर्ग सरोवरातील होली आयलंडवर झाले, जिथे हजार वर्षांपूर्वी ब्रायन बोरूचा भाऊ मार्कान मठाधिपती होता.

फ्लॅन ओब्रायन यांचे नाव मात्र या यादीत चुकून येते. ते ब्रायन ओनोलन (१९११–१९६६) या सरकारी अधिकाऱ्याचे टोपणनाव होते. नोकरी सांभाळून लिहायचे तर टोपणनाव सोयीचे.

बंगळुरूच्या सामन्यातील केविन ओब्रायन यांची कामगिरी काय होती?

२ मार्च २०११ रोजी चिन्नास्वामी मैदानावर इंग्लंडच्या ३२७ धावांचा पाठलाग करताना आयर्लंडची अवस्था ५ बाद १११ झाली होती. केस गुलाबी रंगवून खेळणाऱ्या केविन यांनी ५० चेंडूंत शतक ठोकले, एकूण ६३ चेंडूंत ११३ धावा केल्या, आणि आयर्लंडने पाच चेंडू राखून सामना जिंकला. विश्वचषकातील सर्वांत जलद शतकाचा हा विक्रम २०२३ मध्ये भारतातच, दिल्लीच्या मैदानावर, एडन मार्करमने मोडला. कसोटीत आयर्लंडचे पहिले शतकही केविन यांचेच, २०१८ मध्ये पाकिस्तानविरुद्ध मॅलहाइड येथे. यष्टिरक्षक नायल ओब्रायन हे त्यांचे सख्खे भाऊ. इथे मात्र नाते खरे आहे.

डेरेक ओब्रायन आयरिश आहेत का?

ते कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातले भारतीय आहेत. आडनाव आयरिश पूर्वजाकडून आले, आणि कुटुंबात बंगाली रक्तही आहे. त्यांचे वडील नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यात घेतलेली प्रश्नमंजूषा ही भारतातील पहिली खुली स्पर्धा मानली जाते. अकराव्या लोकसभेत नील हे अँग्लो-इंडियन समाजाचे नामनियुक्त सदस्य होते, आणि ती नियुक्तीची तरतूद २०२० मध्ये संपली. डेरेक यांनी बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टचे सूत्रसंचालन केले आणि २०११ पासून ते राज्यसभेत आहेत. फाळणीनंतर कुटुंबाची एक शाखा पाकिस्तानात राहिली व तेथे मुस्लिम झाली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

तीन सिंहांचे चिन्ह प्रत्येक ओब्रायन वापरू शकतो का?

लाल पार्श्वभूमीवर अर्धे सोनेरी, अर्धे रुपेरी असे तीन सिंह आणि 'बळकट हात वरचढ' या अर्थाचे आयरिश ब्रीद, हे थोमंडच्या ओब्रायनांचे चिन्ह. असे मानचिन्ह व्यक्तीला दिले जाते, आडनावाला नव्हे. पर्यटकांना विकली जाणारी 'कुलचिन्हे' शोभेपुरती भिंतीवर लावण्यास हरकत नाही. ट्रिनिटी कॉलेजातील, आयरिश नाण्यांवर झळकणारी 'ब्रायन बोरूची वीणा' त्याच्या मृत्यूनंतर तीन-चार शतकांनी घडवलेली आहे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

पूर्वज ओब्रायन होते. शोध कुठून सुरू करावा?

राजापासून खाली येऊ नये, स्वतःपासून मागे जावे. आयर्लंडमध्ये सर्व जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद १८६४ पासून आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्याआधीच्या जनगणनांवर मात्र घाला पडला: १८२१ ते १८५१ च्या बहुतांश नोंदी १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीला लागलेल्या आगीत गेल्या, आणि त्यानंतरच्या चार दशकांच्या नोंदी सरकारनेच नष्ट केल्या. ती पोकळी १८४७ ते १८६४ दरम्यान झालेल्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनाने आणि कॅथलिक चर्चांच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांनी काही प्रमाणात भरून निघते. त्यांत शोधायचे तर नुसते 'क्लेअरचे ओब्रायन' एवढ्याने भागत नाही. टाउनलँड, म्हणजे आयर्लंडमधील ६० हजारांहून अधिक वाडीवजा मौज्यांपैकी आपल्या पूर्वजाचे नेमके कोणते, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते बहुधा घरातल्याच एखाद्या जुन्या पत्रावर किंवा थडग्याच्या दगडावर कोरलेले सापडते.